दोनदा येणारा तास

रेडिंग. मंगळवार. चौथ्या मजल्यावरची मीटिंग रूम,
तिचं नाव कुणीतरी 'केनेट' ठेवलंय.
खिडकीतून नदी दिसत नाही, कार पार्क दिसतो.

समोर एम्रिस हॉवेल. वयाला रकाना नसतो,
पण चष्मा कपाळावर सरकवून तो फळ्याशी गेला
तेव्हा कळलंच.
मी ठरलेला प्रश्न विचारला:
साखळी उलटी करा, जादा जागा न वापरता.
पंचेचाळीस मिनिटं.

मार्कर सुकलेला. दुसराही.
तिसरा सापडेपर्यंत चार मिनिटं गेली,
ती मी मोजली; धरली नाहीत.

"मोठ्याने विचार करा," मी म्हणाले,
आम्हाला असंच म्हणायला शिकवलंय.
तो म्हणाला, मला गप्प राहूनच जमतं.
आणि खरंच गप्प राहिला.
बाण काढले, खोडले, पुन्हा काढले.
शेवटचा दुवा हातून सुटला
आणि फळ्यावर लोंबकळत राहिला.

जाताना त्याने डस्टर मागितलं.
इतकी वर्षं मुलाखती घेतेय,
फळा पुसून गेलेला हा पहिलाच.

पॅनेल सहा मिनिटांत आटोपलं.
डंकन म्हणाला, माणूस छान आहे.
आमच्याकडे 'छान' म्हणजे नाही.
मीही 'नाही'वर टिक केली. कारण: वेग कमी.
व्हिसावरची बाई पॅनेलच्या विरुद्ध जात नाही,
असं मी घरी सांगितलं.
जाता आलं असतं.
नर्सरी सहाला बंद होते आणि साडेपाच वाजले होते,
एवढंच.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. ऑन-कॉल मी.
मार्चमध्ये उसना घेतलेला तास
हा देश आज रात्री परत करतो, बिनव्याजी:
दोन वाजायचे तिथे पुन्हा एक.
सगळ्या नव्या सर्व्हिसेस लाल झाल्या, एकेक करून.
बिलिंग तेवढं हिरवं.
ते जुनं, कुणी हात न लावलेलं खटारं.
हे कसं पडलं नाही, म्हणून आत शिरले.

ओळ चौदाशे बारा. तिच्या डोक्यावर टिपण:
'हा तास दोनदा येतो. गिऱ्हाइकाला एकदाच लावा.
पुढे जो कुणी इथवर येईल, त्याने सावकाश वाचावं.
ए. हॉ., ऑक्टोबर २००३.'

सीव्हीच्या दुसऱ्या पानावर असणार हे.
मी पहिलंच वाचलं होतं.

पोर कूस बदलते. हीटर कुरकुरतो.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर, वाण्याच्या पावतीच्या पाठीवर
मी साखळी उलटी करायला बसते, कुणालाही न ऐकवता.
तीन चौकोन, दोन बाण.
जमतं. अर्थात जमतं,
उत्तर माझ्याकडे छापील आहे.

त्याचा फॉर्म अजून उघडतो.
वाचता येतो, बदलता येत नाही.
घड्याळात एक वाजून दहा.
हे दहा मी मघाशी पाहिले होते.