शून्य रुपयांचं तिकीट

मिक्सरच्या वर, खिळ्याला
टूर कंपनीचं कॅलेंडर आहे.
बारा महिने, बारा समुद्र.
ऑक्टोबरात अंदमान: निळं पाणी, वाकलेला माड
आणि कुणाचे तरी गोरे पाय.
फोडणीचे शिंतोडे उडून उडून
ते पाय आता हळदीचे झालेत.

"आपणबी जाऊया की बेटावर," शेवंता म्हणाली.
माझी धाकटी जाऊ, शहापुरात साड्यांना फॉल लावते.
"कुठल्या?"
"माझ्या माहेरच्या."

लाल बस. कंडक्टर म्हणाला, आधार तोर्सरी.
दाखवलं. बायकांना शून्य रुपयांचं तिकीट.
शेवंतानं ते घडी करून पाकिटात ठेवलं,
विमानाचं ठेवतात तसं.
काकती गेली, हत्तरगीचा टोलनाका गेला.
यमकनमर्डीला दहा मिनिटं थांबली तेवढ्यात
उप्पीट खाल्लं, मिरची भजी खाल्ली,
पहिल्या प्लेटीत तिखट कमी म्हणून दुसरी घेतली
आणि दुसरीत जास्त म्हणून वर चहा.

धरणाच्या मागच्या अंगाला पाणी असं पसरलेलं
की पलीकडचा डोंगर ओल्या फडक्यानं पुसल्यासारखा.
निंगाप्पाची नाव निळी, बुडाला डांबराचं ठिगळ.
"पोहाय येतंय काय?"
"न्हाई."
"मग हलू नका."

बेट म्हणजे काय, गावाचा माथा.
गाव खाली. वर राहिलं ते
कुणालाच नको होतं ते:
खडकाळ पड, चार बोरी, शेंदूर उडालेला म्हसोबा,
एक चिंच.
शेवंता तेव्हा जन्मलीही नव्हती.
माहेर तिनं आईच्या बोटाच्या टोकाला बघितलेलं,
काठावर उभं राहून:
हितं आड. हितं आपलं दार.
आणि बोट जिकडं जाईल तिकडं पाणीच.

वीस मिनिटांत बेट फिरून झालं.
मग उलटं फिरलो, तर दुसरंच वाटलं.
बगळ्याचं एक पीस मिळालं,
आणि गवतात पालथा पडलेला पाटा,
वरवंटा नसलेला.
शेवंता त्याच्यापुढं फतकल घालून बसली.
"हा आमचाच."
"कशावरनं?"
"कशावरनं न्हाई?"

पाण्याकाठचा गोल धोंडा घेतला.
कोवळ्या चिंचा, मीठ, पुडीत उरलेली तळलेली मिरची,
तिनं असं वाटलं की बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या.
निंगाप्पानं तीन दगडांवर चिलापी भाजली.
आमची भाकरी, शेंगाचटणी, कांदा बुक्कीनं फोडलेला.
काटा टाळूला टोचला, तरी कुणी थांबलं नाही.
शेवटी डब्यातला कुंदा, बोटानं.
कुंदा खाताना बोलू नये, असं आमचा सासरा म्हणायचा
आणि सगळ्यांत जास्त तोच बोलायचा.

मग पाय सोडले पाण्यात.
चार पाय, भेगांचे, एका अंगठ्याला जोडवं नाही,
ते का नाही हे दोघींना माहीत.
शेवंतानं कुंद्याचा शेवटचा तुकडा
आत टाकला.
"कुणाला गं?"
"शेजारणीला."
खालून काहीतरी आलं आणि घेऊन गेलं.

निंगाप्पा वल्हं मारत म्हणाला,
"मे महिन्यात या. पाणी उतरतंय,
चालत जाता येतंय इथवर. घरांचे पाये दिसतेत.
नावेचे पैसे वाचतील."
"मग ते बेट कसलं?" शेवंता म्हणाली,
आणि बराच वेळ पाण्याकडं न बघता
माझ्या पदराचा फॉल तपासत राहिली.

येताना परत शून्य रुपये.
बोटांना माशाचा वास, खिडकीतून उसाच्या मळीचा.
पाटा उचलून आणायचा होता तिला.
नाव बुडेल म्हणून राहिला तिथंच,
चटणी लागलेला, उताणा.
आता मुंग्या आल्या असतील.