प्रार्थनेची पाहणी

पंचांच्या बैठकीत ठरलं:
नाताळाआधी मंडळीच्या प्रार्थनाजीवनाचा आढावा घ्यायचा,
मग पुढच्या वर्षाचं नियोजन.
अक्षर बरं म्हणून वही माझ्याकडे आली.
अक्षराचं काय, बत्तीस वर्षं टपालात काढली.

चार रकाने आखले. किती वेळा, किती वेळ, कुठे,
आणि चौथा: उत्तर मिळालं का.
पाळकसाहेबांनी चौथ्यावर बोट ठेवलं,
बराच वेळ ठेवलं, बोलले नाहीत.
मीही खोडला नाही.

शरणपूरपासून सुरुवात केली, सायकलवर.
जो तो म्हणाला, रोज, सकाळ-संध्याकाळ.
वहीत दोन, दोन, दोन उतरत गेले
पिग्मीच्या हप्त्यांसारखे.
मंगळवारच्या सभेला सात जण येतात, हे मला ठाऊक.
सतरंजी मीच झटकतो.

सातपूरला फिलेमोन शेळके रात्रपाळी करून झोपलेला.
बायको दारातच म्हणाली, उठवू नका.
"सातचा भोंगा झाला की गेटाबाहेर थांबतात जरा,
टोपी काढून. एवढंच मला माहीत."
वेळ: भोंगा. ठिकाण: गेट. लिहून घेतलं.

पिंपळगावला एस.टी.ने गेलो.
सरोजिनीबाई ओहोळ द्राक्षांच्या शेडमध्ये
घडातले तडकलेले मणी कात्रीने काढत होत्या.
"एकेका मण्याला एकेक नाव घेते, भाऊ.
सडका निघाला की ज्याच्यावर राग, त्याचं."
आणि हसून, "तुमचंही घेतलंय एकदा."
कुठल्या मण्याला, ते विचारलं नाही.

नाशिकरोडचे जखऱ्या पठारे, छापखान्यातून निवृत्त.
"आयुष्यभर नोटा मोजल्या, साहेब,
एक कमी भरली की सगळ्यांना कोंडून ठेवायचे.
आता हे नका मोजायला लावू."
चहा मात्र दोनदा पाजला.

मग शेरॉन, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची.
"पप्पा गेल्यापासून बंद आहे. शून्य लिहा."
वहीतला तो पहिला आकडा
ज्याच्यावर मी शिक्का मारला असता.
म्हणाली, "रविवारी सगळे डोळे मिटतात ना,
मी उघडे ठेवते. अजून कोण ठेवतं ते दिसतं.
तुम्ही घड्याळ बघता, अंकल."

परत येताना गंगापूर रोडला चेन पडली.
तेलकट हातांनी वही धरवेना.
माझ्या नावाची ओळ कोरीच होती,
पहिल्या पानावर, पहिली.
न पोचलेलं पत्र आम्ही सात दिवस ठेवायचो,
मग परत पाठवायचो.
मी किती दिवस ठेवलंय?

बैठकीत साखळी-प्रार्थनेची सूचना आली,
शुक्रवारच्या उपासाची,
तरुण संघासाठी वेगळ्या वेळेची.
सगळं लिहून घेतलं, सुवाच्य.
वही वाचा म्हणाले, तेव्हा म्हटलं,
बेरीज होत नाही.
पाळकसाहेब पहिल्यांदाच हसले:
"मग पुढच्या वर्षी काय करायचं?"
मला सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी अंधारातच निघालो.
थंडी इतकी, की कान उपरण्यात बांधले.
सातला भोंगा झाला, माणसं फुटली,
डबे, स्कूटरी, तंबाखूचा वास,
आणि गेटापासून चार पावलांवर
फिलेमोन, टोपी छातीशी.

त्याने मला पाहिलं नाही.
मी घड्याळ खिशात टाकलं
आणि सायकलची घंटा मुठीत दाबून धरली,
कुणाचा धक्का लागून
वाजू नये म्हणून.