परवाना

हुकूम आला अकरा वाजता, मोबाइलवर,
मोठ्या साहेबांची सही, शिक्का तिरपा.
तोवर गिरासे आप्पांच्या शेततळ्यावर
दोन गावं जमली होती
आणि मी एकटी वनरक्षक, काठी आडवी धरून सांगत होते,
हुकमाशिवाय कुणी दोरीसुद्धा पिशवीतून काढायची नाही.

पौषातलं ऊन. पपईच्या बागेला पाणी सुटलेलं,
मोटर तळं उपसत होती, आप्पा हळहळत होते,
गहू आता कशावर काढू, मॅडम?
याला माझ्याकडे नियम नव्हता.

तळाला ती. काळ्या प्लास्टिकवर चढायची,
नखं करकरायची, घसरून परत पाण्यात.
तापीहून कालव्यानं आली म्हणे. कालव्याला विचारलं कुणी?

उखर्डू भोई डबा घेऊन आला.
बिस्किटाचा, गंजलेला. आत फडकं, फडक्यात कागद,
घड्यांवर फाटून नऊ तुकडे झालेला.
"मना आजाना परवाना शे हाऊ."
मी तुकडे बोनेटवर जुळवले, वाऱ्याला अंगठ्यांनी दाबून वाचलं:

सुसर, नग एक.
चैत्र-वैशाखात मनाई, अंडी वाळूत असतात.
सहा हातांहून लहान असल्यास इजा न करता सोडावी.
पाण्यात विष कालवू नये.
कातडे कचेरीत आणून दाखवावे.

आणि जे कागदावर नव्हतं ते उखर्डू सांगत गेला,
विडी न पेटवता, नुसती दातांत धरून:
आदल्या रात्री घरात तळण नाही.
तिचं नाव घ्यायचं नाही, नुसतं 'ती', सासूला म्हणतात तसं.
आपली सावली पाण्यावर पडेल त्या काठाला जायचं नाही.
ती जबडा उघडून उन्हाला पडली की घाई नाही,
आजा म्हणायचा, तिचं ऊन तिला खाऊ दे, मग बघू.

माझी तयारी: नायलॉनचे दोन दोर, बांबू,
काळी चिकटपट्टी, मोजायची टेप, गोणपाट.
त्यानं गोणपाट उचललं, नाकाला लावलं,
खताचं होतं ते, फेकून दिलं.
घरून धान्याचं पोतं आणवलं, पाटात भिजवलं, पिळलं.
"पहिले डोया झाक. अंधारं व्हयनं का ती निजी जास."

एकाहत्तर वर्षांचा माणूस
धोतर खोचून प्लास्टिकवरून बसत बसत उतरला
आणि माझ्या प्रशिक्षणाची सहाही पानं
मी काठावर उभी राहून विसरले.

पोतं पडलं. शेपटीचा एकच तडाखा,
एका मजुराच्या हातातला बांबू दोन झाला.
मग उखर्डू तिच्या मानेमागे, गुडघ्यांवर, वजन न टाकता,
आणि मी जबड्याला पट्टी गुंडाळत होते,
माझीच बोटं दोनदा चिकटली.
तिचा श्वास गार होता. हे कुणी सांगितलं नव्हतं.

सात फूट चार इंच, मी मोठ्यानं वाचलं.
त्यानं टेपकडे पाहिलंच नाही.
कोपरापासून मधल्या बोटापर्यंत
नाकाडापासून शेपटीच्या टोकाला हात टाकत गेला,
एक, दोन, तीन, चार, पाचवा पुरा भरला नाही.
"आजाना कायदामाबी हाई सुटी जाती."

सारंगखेड्याच्या वर, बंधाऱ्याच्या फुगवट्यात सोडली.
पट्टी काढताना पोतं शेवटी काढायचं,
हे त्यानं सांगितलं आणि प्रशिक्षणातही होतं.
ती गेली. पाण्यावर काही राहिलं नाही, बघायला आलेली पोरं नाराज.

रात्री फॉर्म. पकडण्याचे कारण. साधनसामग्री.
नर की मादी? तपासलं नव्हतं.
भाषेनं केव्हाच ठरवून टाकलंय, मी लिहिलं: अज्ञात.
मदतनिसाचा व्यवसाय?
तो म्हणाला, लिही ना काहीबी.
मजूर लिहिलं, खोडलं.
मग बराच वेळ पेनचं टोपण चावत बसले.

त्याच्या कागदाच्या नवव्या तुकड्यावर एक चौकट होती,
'दाखविलेली कातडी', आणि ती कोरी.
एकही नाही? मी विचारलं.
उखर्डूनं तुकडे फडक्यात घेतले, डब्यात घातले,
झाकण बसेना, तळव्यानं ठोकलं.
"माले काय माहीत. आजा बोलेच ना."
आणि जीपमधल्या ओल्या पोत्याकडे बोट दाखवून म्हणाला,
ते मात्र परत लागेल, दादर भरायची आहे त्यात.