वस्तू क्रमांक एक्केचाळीस

सोमवारी संग्रहालय बंद असतं.
सोमवारी मी काचा पुसतो.
व्हिनेगर, कोमट पाणी, जुनं वर्तमानपत्र.
आमच्या बेटावरच्या वर्तमानपत्राची शाई काचेला मानवते,
टालिनच्या वर्तमानपत्राचे फराटे राहतात,
हे क्रिस्टेलबाईंना मी अजून सांगितलेलं नाही.

त्या टालिनहून आल्या, गेल्या थंडीत,
जिल्ह्याच्या अनुदानावर, एका वर्षापुरत्या.
मासळीच्या बंद कारखान्याचं प्रदर्शन त्यांनीच मांडलं:
झाकणं दाबायचं यंत्र,
सहा गमबूट (चार डाव्या पायाचे),
आणि मखमलीवर एकटीच निजलेली
पेट्यांवर खूण करायची लाल मेणाची पेन्सिल.
वस्तू क्रमांक एक्केचाळीस. कृपया हात लावू नये.

उद्घाटनाला यच्चयावत गाव.
एंडेलने अकॉर्डियन आणलं होतं,
त्याची एक पट्टी कैक वर्षं मुकी,
तिथे आला की तो तेवढा सूर तोंडाने भरतो.
शाळेच्या पोरांनी डब्यांच्या पत्र्याचे मासे करून
छताला टांगले होते,
दार उघडलं की सगळा थवा खुळखुळायचा.
राईचा काळा पाव, त्यावर अंड्याची चकती,
त्यावर खारवलेला इवलासा मासा.

आणि भिंतभर तो फोटो, काचेमागे.
अकरा बायका. पांढरे रुमाल, रबरी एप्रन, हातात सुऱ्या.
खाली छापलेलं:
अनोळखी कामगार, सुमारे १९७४.

व्हाइके पाव खाता खाता थबकली.
चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.
"अनोळखी?
अगं बाई, मी इथे उभी आहे की!
डावीकडून तिसरी.
आणि चौऱ्याहत्तर नव्हे, त्र्याहत्तर.
चौऱ्याहत्तरला मी पोटुशी होते,
या एप्रनात मावले नसते."

कुणी काही म्हणायच्या आत
तिने मखमलीवरची पेन्सिल उचलली,
जशी चाळीस वर्षं रोज उचलायची,
आणि काचेवर, स्वतःच्या छातीशी,
लाल अक्षरांत नाव घातलं.

क्रिस्टेलबाईंच्या तोंडून आवाज फुटेना.
एंडेलचा सूर तर मुक्या पट्टीवरच अडकला.

मग रांग लागली.
हिल्या, जी गमबुटात डबे घालून घरी न्यायची
आणि फाटकावर लंगडायची.
साल्मे. तिचं नाव तिच्या मुलाने लिहिलं,
तो बस चालवतो, अक्षरही बसच्या पाटीसारखं, लांबून दिसणारं.
वाल्याचं नाव कुठल्या लिपीत लिहायचं
यावर जरा कुजबुज झाली, एक जण बाहेर निघून गेला,
शेवटी तिच्या नातीने दोन्ही लिप्यांत लिहिलं,
रशियन वर, आपलं खाली.

दहा झाल्या.
अकरावी मागच्या ओळीत, कडेला.
कॅमेरा मिटताना ती हलली असणार,
चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरट फराटा.
"डावखुरी होती ना ही?" कुणीतरी म्हणालं.
"माझी छत्री नेलेली, पण परत केली," दुसरं.
नाव कुणालाच आठवेना.

मी तेव्हा कारखान्यात बर्फाच्या यंत्रावर होतो.
दारापाशी बसून
मी फाडलेली तिकिटं मोजत राहिलो.
एकशे बारा. पुन्हा मोजली, एकशे बारा.

दुसऱ्या दिवशी क्रिस्टेलबाईंनी नोंदवही उघडली,
एक्केचाळीससमोर 'स्थिती: चांगली' खोडलं,
बराच वेळ पेन चावलं,
आणि लिहिलं: 'वापरात.'
पेन्सिलीला दोरा बांधायचं काम माझ्याकडे आलं.

तेव्हापासून सोमवारी काच पुसायला दुप्पट वेळ लागतो.
अक्षरांच्या कडेकडेने बोट न्यावं लागतं,
व्हाइकेच्या वेलांट्यांतून, बसच्या पाटीखालून,
दोन्ही लिप्यांच्या मधल्या फटीतून.
मागच्या ओळीत, कडेला मात्र
हात सरळ फिरतो.
सगळ्या काचेत तेवढाच भाग लख्ख आहे.

दोरा तिथपर्यंत पुरतो.
मी तो मापूनच कापला होता.