शब्दाला दीड रुपया

सोसायटीच्या नोटिसा मीच लिहायचे.
कोपरखैरणे, सेक्टर सात, तीन टाकीच्या मागे:
'उद्या अकरा ते चार टाकी धुतली जाईल.
पाणी भरून ठेवा. नंतर ओरडू नका.'
शेवटचं वाक्य सेक्रेटरींनी दोनदा खोडलं,
मी दोनदा परत लिहिलं,
आणि त्या दिवशी खरंच कुणी ओरडलं नाही.

ती नोटीस वाचून
चौथ्या मजल्यावरचा निनाद मढवी
लिफ्टचं दार पायाने अडवून म्हणाला,
ताई, आमच्या ॲपसाठी लिहाल का?
महापेला तिघांचं ऑफिस, खाली गॅस्केटचा कारखाना,
मेंटेनन्स फोनवरून भरायचं सॉफ्टवेअर.
शब्दाला किती घेता?

शब्दाला?
तांदूळ किलोने आणला, ब्लाउज नगावर शिवले,
शब्दाचा भाव कुणी विचारला नव्हता.
दीड रुपया, म्हणाले.
दारापर्यंत येताना वाटलं, जास्त सांगितला.
कुलूप उघडेपर्यंत वाटलं, कमी.

पहिल्या आठवड्यात ठेवणीतले शब्द काढले,
पाहुण्यांसाठी काचेचे ग्लास काढतात तसे, पुसून:
'आपल्या संकुलाच्या आर्थिक व्यवस्थापनाचा
सर्वसमावेशक, अत्याधुनिक, एकात्मिक सोबती.'
आठ शब्द, बारा रुपये.
तळमजल्यावरच्या वाघधरे काकांना वाचून दाखवलं.
त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं
आणि विचारलं, म्हणजे पावती मिळते का?

'पावती लगेच मिळते.'
तीन शब्द. साडेचार रुपये.
या धंद्यात काम चांगलं झालं
की बिल उतरतं, हे मला काकांनी शिकवलं.
त्यांना माहीत नाही.

मग ती राखाडी चौकट आली:
'व्यवहार अयशस्वी. त्रुटी क्रमांक ५०४.'
निनाद म्हणाला, हे जरा गोड करा.
चार रात्री मी तिच्यासमोर बसले.
एमआयडीसीकडून तो आंबूस वास यायला लागला की
खिडकी लावायची, पंखा वाढवायचा, परत बसायचं.
हे वाचताना माणूस कसा उभा असेल?
नुकतेच नऊ हजार अंगठ्याखालून गेलेले,
अंगठा अजून तिथेच.
आठवली वाशीच्या पालिकेच्या दवाखान्यातली नर्स.
आईच्या वेळी दार ढकलून बाहेर आली,
आणि आधी म्हणाली, त्या बऱ्या आहेत.
बाकीचं नंतर. फॉर्म, सही, इंजेक्शन, सगळं नंतर.

'पैसे तुमच्याच खात्यात आहेत.
थोड्या वेळाने पुन्हा भरा.'
पुन्हा आठच शब्द. पुन्हा बाराच रुपये.

पण असतात ना खरंच खात्यात?
निनादने मान खाजवली.
शंभरात दोघांचे कापले जातात, ताई,
तीन दिवसांनी परत येतात. चालतं तेवढं.
म्हटलं, मग त्या दोघांशी मी खोटं बोलतेय.
त्यांच्यासाठी वेगळं वाक्य लागेल.
पण ते दोघे कोण, हे मशीनला कळतच नव्हतं.
माझ्या एका वाक्यासाठी
तीन इंजिनियर दोन दिवस कोड उसवत बसले,
आणि दुसऱ्या संध्याकाळी निनादने फोनवर फक्त एवढंच म्हटलं:
लिहा.

गेल्या मंगळवारी जिन्याखाली
वाघधरे काका फोन हातभर लांब धरून वाचत होते,
एकेक शब्दावर बोट ठेवून, मोठ्याने:
पैसे... तुमच्याच... खात्यात... आहेत.
वाचून झाल्यावर फोनला म्हणाले,
'बरं.'
मी कोथिंबिरीला निघाले होते, तशीच गेले.

आता शब्दाने भाव करत नाही, कामाने करते,
आणि आकडा सांगून झाल्यावर गप्प बसायला शिकतेय,
ते लिहिण्याहून अवघड.
ऐरोलीच्या एका कंपनीने फॉर्म पाठवलाय.
'पूर्वानुभव' या रकान्यात मी लिहिलं:
टाकीची नोटीस. कुणी ओरडलं नाही.
पाठवून नऊ दिवस झाले.
अजून काही कळवलेलं नाही त्यांनी,
अयशस्वी असंसुद्धा नाही.