शेवटचा भाग

मल्हारगंजात, छाजेडच्या दुकानात
दोरीला चिमट्यानं लटकवलेला शेवटचा भाग.
एरवी आठ आणे, याचा रुपया,
आणि घरी न्यायचा नाही, फळीवर बसूनच वाचायचा.

नऊ वीर, एक खलनायक, चार महिने वाट.
लोहगरुडाचा ठोसा दोन पानं भरून. ते मान्य.
पण चाळिसाव्या पानानंतर चित्रकाराला घाई झाली:
मागचं शहर, आमच्या इंदूरएवढं,
गेलंच. नुसता पिवळा रंग.
खलनायकाला जमलं नाही
ते छापखान्याच्या तारखेनं केलं.

आणि धूम्रा,
तिसऱ्या भागात पूल खांद्यावर पेलून मेलेली,
तिला कोपऱ्यातली एक चौकट,
तीही बोलण्याच्या फुग्याखाली अर्धी.

"कैसी लगी?" छाजेडनं विचारलं.
माझ्यामागे सात पोरं, मुठीत घामेजलेला रुपया,
त्यांत आमचा हेरंबही.
म्हटलं, "ठोसा बघण्यासारखा आहे."
खोटं नव्हतं.

रात्री हेरंब पांघरुणातून:
"धूम्रा परत येणार, दादा.
तोंड झाकलंय ना मुद्दाम."

वहीच्या मागच्या पानावर
मी दहापैकी चार दिले होते.
अंधारात चाचपडत
साडेचार केले.