कड

गोरव्याच्या आयटीआयत, फिटरच्या वर्गात
नसवाडीची जिगीषा तडवी
कानस पुढे जाताना दाबते, मागे येताना हलकी धरते.
एवढंच मी शिकवलं.
बाकीचं तिच्या मनगटाला आधीच ठाऊक होतं.

उद्या मकरपुऱ्याच्या कंपनीची माणसं येणार मुलाखतीला,
म्हणून आज व्हर्नियर कपाटात ठेवले,
खुर्ची मांडली मधोमध,
शर्ट आत खोचून मी साहेब झालो.
पोरं खिदळली.

"नाव?"
ती बुटांकडे बघत राहिली.
भावाचे सेफ्टी शूज,
पुढे चिंध्या कोंबलेले.

"समज, मशीन अडलंय,
तुला काही उमगत नाही.
काय करशील?"
"मार्ग काढीन, सर."
पाठ केलेलं.

असाच एक मार्ग मी काढला होता
अठराव्या वर्षी, कुणाला न विचारता.
डावा हात टेबलावर ठेवला.
वर्गाला तो रोज दिसतो,
बोटं मात्र आज मोजली त्यांनी.
चार.

बराच वेळ फक्त पंखा.

मग मान वर करून ती म्हणाली,
"साहेब, मला नाही कळलं.
परत सांगा."

आवाजाला अजून कड होती,
जराशी टोचणारी.
ती मी घासली नाही.